पासबुकाच्या घडीतला कागद

नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे हयातीच्या दाखल्यांचा महिना. शटर वर जायच्या आधीच पायरीवर पेन्शनर मंडळी येऊन बसलेली असतात, कुणी डबा घेऊन, कुणी नातवाला घेऊन. यंत्रावर अंगठा ठेवायचा, तो जुळला की माणूस जिवंत. पण जन्मभर खुरपं धरलेल्या बोटांना रेषाच उरलेल्या नसतात. पदराला पुसून झालं, डोक्याचं तेल लावून झालं, तरी यंत्र ऐकत नाही. मग शेवटी शाईचं पॅड आणि कागद. अंगठा उमटला की मी शेजारी लिहिते, 'निशाणी डावा अंगठा'. साताऱ्यात आणि आसपासच्या शाखांत मिळून वीस वर्षं मी हे लिहीत आले.

गेल्या नोव्हेंबरात असाच एका आजोबांचा अंगठा घेतला. दाखला झाला तरी ते काउंटरवरून हलेनात. पासबुक पुन्हा आत सरकवलं. उघडून बघते तर घडीत एक कागद, पिवळा पडलेला, वरचा कोपरा गेलेला.

"बाय, तुला मोडी येतंय म्हनं."

मागे चाळीस माणसं. मॅनेजर काचेतून बघतायत. मी म्हटलं, "आजोबा, साडेचारला या. कॅश जुळली की बघते."

आजोबा कुठले जातायत. बाकावर बसून राहिले, साडेचारपर्यंत.

मी राष्ट्रीयीकृत बँकेत सिंगल विंडो ऑपरेटर आहे. साध्या मराठीत कारकून. २००५ च्या नोव्हेंबरात लागले. त्याच पोस्टवर राहिले, कारण दोनदा प्रमोशन नाकारलं. ऑफिसर झालं की बदली आलीच. सासूबाई, लेकीची शाळा, नवऱ्याची एमआयडीसीतली नोकरी (आज आहे, उद्याचं माहीत नाही), सगळं साताऱ्यात. मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, शिकले २०१६ मध्ये, दिवाळीच्या सुट्टीतल्या दहा दिवसांच्या वर्गात. खरं तर लेकीला चित्रकलेच्या वर्गाला सोडायचं होतं आणि तेवढा वेळ बसायचं कुठे हा प्रश्न होता. शेजारच्या खोलीत मोडी चालू होतं. असं लागलं हे वेड. त्यामागे दुसरं काही उदात्त नाही.

दहा दिवसांत मुळाक्षरं येतात, मोडी येत नाही. मोडी यायला दोन-तीन वर्षं लागतात आणि मग कळतं की अजून आलेली नाही. आधी डावीकडून उजवीकडे रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायची, बोरू शक्यतो न उचलता. दोन शब्दांत जागा सोडायची नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ओळ संपली की शब्द जिथे असेल तिथे मोडायचा आणि पुढच्या ओळीत चालू करायचा. त्यात तारखा अरबी आकड्यांनी. 'सन इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. झाले ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा, येतं १७६०-६१, पानिपताचं साल. पहिल्यांदा हे उलगडलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या. सासूबाईंना वाटलं झुरळ मारलं.

तर साडेचारला आजोबांचा कागद घेतला. कर्जरोखा होता. शके १७५४, नंदननाम संवत्सरे. म्हणजे १८३२ च्या आसपासचा, साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज असतानाचा. लिहून देणार एक बाई, अमक्याची कोम, म्हणजे बायको. चांदवडी रुपये ४० घेतले, बैल घ्यावयाकारणे. व्याज दरमाहे दर सदे रुपये २. शेकडा दोन महिन्याला, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. हा हिशेब माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडला, कारण दिवसभर मी तेच करते. (क्रेडिट कार्डवाल्यांपेक्षा सावकार बराच म्हणायचा.) खाली दोन साक्षी, एकाच्या नावापुढे नांगर काढलेला. आणि बाईच्या नावापुढे एक छोटं वर्तुळ, थोडं चेपलेलं. निशाणी बांगडीची.

ज्यांना लिहिता येत नसे ते आपापल्या कामाची खूण काढत. कुणबी नांगर काढी, सुतार आपलं हत्यार, आणि बाया बांगडी. मी त्या वर्तुळाकडे बघत राहिले. माझ्या उजव्या हाताच्या बोटाला अजून स्टॅम्प पॅडची जांभळी शाई होती.

आजोबांना वाटलं होतं इनामाचा कागद असेल, कुठली तरी गेलेली जमीन निघेल. त्यांचा चेहरा पडला. "म्हंजे कर्जच व्हय? आजून हाय का काय ते डोक्यावर?"

मी म्हटलं, "नाही आजोबा. फिटलंय. रोखा सावकाराकडं राहतो. कर्ज फिटलं की तो परत देतात, फाडून. हा बघा कोपरा फाटलाय. आणि कागद तुमच्या घरात आहे. आमच्याकडंही लोन क्लोज झालं की मूळ कागद परत देतो ना, तसंच."

त्यांनी कागद पुन्हा पासबुकात घातला. "म्हातारीनं फेडलं म्हना की," एवढंच म्हणाले आणि एसटी गाठायला निघाले.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी ड्रॉवरमधला अर्जाचा मसुदा काढला. मसुदा नवा नव्हता, वर्षभर तिथेच होता. ते का, हे सांगायचं तर आधी २०२३ सांगावं लागेल.

तोवर माझं मोडी म्हणजे रविवारचा छंद होता. महिन्याला एखादं घराणं, एखादी वंशावळ, कधी देवस्थानाचा वाद. पानामागे जे मिळे त्यातून शब्दकोश नि भिंग घेई. मग २०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायला. सुरुवातीला मराठवाड्यापुरतं होतं, पुढे राज्यभर झालं. तहसिलांत, शाळांत, नगरपालिकांत जुनी दप्तरं खाली उतरली आणि एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं की हे वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. ज्या मोडीला 'त्याचा उपयोग काय' असं वीस जणांनी मला विचारलं होतं, तिच्यासाठी लोक काउंटरला रांग लावू लागले. पैसे काढायची स्लिप आणि खाली कागदाची झेरॉक्स. "मॅडम, पाच हजार काढायचेत, आणि हे जरा बघता का?" मॅनेजर एकदा म्हणाले, "तुमच्या काउंटरला वेगळा टोकन नंबर द्यायला पाहिजे." गमतीत म्हणाले, पण सगळं काही गमतीत नव्हतं. चूक त्यांची नव्हतीच. बँकेत बसून मी बँकेचं काम करावं ही अपेक्षा वाजवी आहे.

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, सोडावी नोकरी. मागणी आहे, काम आहे, पैसे आहेत. ओळखीतले दोघं-तिघं पूर्णवेळ उतरलेही. मी आठवडाभर वहीत आकडे मांडत होते.

मग एक गृहस्थ आले. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो होता, एका जुन्या पानाच्या दोन ओळी, कापून घेतलेल्या. पहिल्या ओळीच्या शेवटी त्यांच्या पूर्वजाच्या नावानंतर 'कु' होतं, स्वच्छ दिसत होतं. "कु म्हणजे कुणबीच ना, मॅडम? सगळीकडं तसंच धरतायत." मुलाच्या अ‍ॅडमिशनचा प्रश्न होता, माणूस टेकीला आलेला होता. मी म्हटलं, पूर्ण पान दाखवा. पान आलं. पुढच्या ओळीच्या सुरुवातीला होतं 'लकरणी'. ओळ संपली म्हणून शब्द तुटला होता, मोडीत तुटतो तसा. आणि तो पूर्वज नव्हताच, ते गावच्या कुलकर्ण्याचं नाव होतं. दोघांचं नाव एक, एवढाच योगायोग.

त्यांनी वाद घातला नाही, हे जास्त अवघड गेलं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त पहिल्या ओळीचं लिप्यंतर करून सही द्या. दुसरीचं राहू द्या." रक्कमही सांगितली. माझा त्या वेळचा पंधरा दिवसांचा पगार होता.

मी नाही म्हटलं. मोठेपणा सांगत नाही. नाही म्हणणं मला सोपं होतं, कारण महिना संपला की पगार जमा होणार होता. ते गेल्यावर मला घाम फुटला तो दुसऱ्याच विचारानं. नोकरी सोडून बसले असते, घराचा हप्ता थकला असता, लेकीची फी भरायची असती, आणि मग हेच गृहस्थ हीच रक्कम घेऊन आले असते तर? मी पहिली ओळ लिहून दिली असती का? दिली नसती असं छातीठोक सांगता येईना. लोक म्हणतात नोकरी माणसाला लाचार करते. करत असेल. मला मात्र तिनं कागदावर आहे तेवढंच वाचायची ऐपत दिली होती. वही मिटून टाकली.

मोडीवाल्यांच्या बैठकीत असा विषय निघाला की कुणीतरी राजवाड्यांचं नाव काढतंच. नोकरीत न अडकता गावोगाव कागदपत्रं शोधत फिरलेले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं करणारे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. मोठा माणूस, प्रश्नच नाही. पण मला जवळचे वाटतात ते वासुदेवशास्त्री खरे. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. नोकरी सांभाळून पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं वाचली, निवडली आणि १८९७ पासून छापत गेले. सकाळी पोरांना शब्दरूपं घोकायला लावून संध्याकाळी रुमाल सोडत असतील. शास्त्रीबुवांना मार्च एंड नव्हता एवढंच.

मार्च एंड. तर ते सांगायचं राहिलं, आणि ते सांगायला मला आवडत नाही.

२०२४ च्या जानेवारीत माण तालुक्यातल्या एका गावातून फोन आला. जुना वाडा होता. माळ्यावर लाल कापडात बांधलेले पाच रुमाल. (रुमाल म्हणजे हातरुमाल नव्हे. कागदांचा गठ्ठा ज्या कापडात बांधतात तो, आणि मग गठ्ठ्यालाच रुमाल म्हणतात.) मी एका रविवारी गेले. एकच रुमाल सोडून पाहिला, वरची दहा-बारा पानं. गावच्या पाण्याच्या पाळ्या होत्या. ओढ्याचं पाणी कुणाच्या शेताला किती घटका, कुणी कुणाची पाळी चोरली, गोतानं बसून काय ठरवलं. माणसारख्या दुष्काळी मुलखात! मला तर वेड लागायची पाळी आली. घरातले म्हणाले, घेऊन जा ना. मी म्हटलं नको, असं उचलून नेऊ नये, इथेच बसून फोटो काढू, यादी करू. चार-पाच दिवस सलग लागतील. आता मार्च तोंडावर आहे, रजा मिळत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येते.

एप्रिलचा पहिला आठवडा गेला, कारण ऑडिट आलं. दुसऱ्या आठवड्यात गेले तर माळाच नव्हता. मागचा अर्धा वाडा उतरवून स्लॅब टाकायचं काम चालू होतं. सून बिचारी शहरातून आलेली, तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. कसर लागलेली, हात लावला की भुगा पडतोय, पोराला दमा. महिनाभर बंबात घातले. एक लाल कापड दोरीवर वाळत घातलेलं होतं, पुसायला म्हणून धुऊन ठेवलेलं.

तिनं मला चहा दिला. मी प्यायले. काय बोलणार? तिची काय चूक? घेऊन जा म्हणाले होते तेव्हा मी तत्त्व सांगितलं आणि येते म्हणाले होते तेव्हा व्हाउचरं जुळवत बसले. त्या मार्चमध्ये आमच्या शाखेचं क्लोजिंग वेळेत झालं. आम्हाला सगळ्यांना पेढे मिळाले.

तो पेढा मला अजून आठवतो. चांगला होता, कंदी पेढा.

तर एका बाजूला 'कु' आणि दुसऱ्या बाजूला बंब. पगार आहे म्हणून खरं वाचता येतं, आणि पगार आहे म्हणून वेळेवर पोचता येत नाही. या दोन्हींच्या मध्ये मी दीड वर्ष लोंबकळत होते, मोडीतल्या अक्षरासारखी.

सुटका दिसली ती युनियनच्या एका जुन्या कार्यकर्त्यांमुळे, चहाच्या टपरीवर. ते म्हणाले, "ताई, राजीनामा हा शब्दसुद्धा तोंडातून काढू नका. राजीनामा दिला की मागची सगळी नोकरी पाण्यात, पेन्शन नाही. वीस वर्षं पुरी करा आणि स्वेच्छानिवृत्ती घ्या. तीन महिन्यांची नोटीस." आमची पेन्शन जुन्या नियमातली. १ एप्रिल २०१० पासून लागलेल्यांना ती नाही, त्यांना एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना. पूर्ण पेन्शन म्हणजे शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या निम्मी, पण ती तेहतीस वर्षांना. माझी वीस, त्यावर स्वेच्छानिवृत्तीचं पाच वर्षांपर्यंतचं वेटेज, म्हणजे हिशेबात जादा धरलेली वर्षं. पंचवीस भागिले तेहतीस, त्याचं निम्मं. शेकडा अडतीसच्या आसपास पडते, वर महागाई भत्ता.

चहाच्या कागदी कपावर त्यांनी हे मांडून दाखवलं. मी तो कप घरी आणला.

शेकडा अडतीसमध्ये घर चालत नाही. पण किराणा, वीजबिल, सासूबाईंची औषधं एवढं भागतं. ग्रॅच्युइटी आणि पीएफमधून घराचं कर्ज संपतं. स्टाफ रेटचं कर्ज फेडून टाकायला जिवावर येतं, कारण असं व्याज पुन्हा जन्मात मिळणार नाही, पण हप्ता डोक्यावर ठेवून 'नाही' म्हणता येत नाही. म्हणून मी माझ्यापुरता प्रश्नच बदलला. मोडीवर घर चालेल का, हे विचारायचं सोडलं. मोडीचा एक रुपया आला नाही तरी 'नाही' म्हणता येईल का, एवढंच बघितलं. अडतीस टक्क्यांत तेवढं बसतंय. जेमतेम बसतंय. लेकीच्या इंजिनिअरिंगच्या फीचं काय, हे मात्र त्यात बसत नाही. त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढू. त्याचा फॉर्म मला तोंडपाठ आहे.

घरी सांगितलं तेव्हा नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझी कंपनी बंद पडली तर?" हा प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडे उत्तर नाही. लेक म्हणाली, "आई, तू घरी राहून काय करणार, तेच कागद?" तिच्या दृष्टीनं मी एका टेबलावरून उठून दुसऱ्या टेबलावर बसणार आहे. तिचं तसं बरोबर आहे. मी जे वाचते तेही कुणा कारकुनानंच लिहिलेलं आहे. कुलकर्णी, चिटणीस, कुणी कचेरीतला गुमास्ता. दिवस मावळायच्या आत जमाखर्च उतरवायचा म्हणून घाईत लिहिलेला, अक्षर शेवटी शेवटी पसरलेलं. पाण्याच्या पाळ्या लिहिणाऱ्यानं जांभई देत लिहिल्या असतील. बांगडीची निशाणी घेणारा म्हणाला असेल, बाई, लवकर काढ, मागं माणसं आहेत.

सासूबाई मात्र वेगळंच बोलल्या. त्यांचं लग्न झालं तेव्हा त्यांना सही येत नव्हती. पुढे सासऱ्यांनी शिकवली. त्या म्हणाल्या, "पेन्शन तुझ्याच नावावर येणार ना? मग कर."

१ जानेवारीला अर्ज दिला. हातानं लिहिला. टाइप केलेला चालतो, पण म्हटलं वीस वर्षं स्लिपा लिहिल्या, हेही लिहू. सवयीनं आधी रेघ ओढली आणि मग अक्षरं खाली लटकवली. अर्ज देवनागरीतच आहे, घाबरू नका. मॅनेजरांनी दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "नोटीस ३१ मार्चला संपते. म्हणजे क्लोजिंग करूनच जाताय. बरं झालं."

त्यांच्या दृष्टीनं बरंच झालं. माझी मात्र आता एक अडचण आहे. कोरेगावकडच्या एका गावातून गेल्या आठवड्यात फोन आला. पत्र्याची पेटी आहे, कुलूप गंजलेलं, आत कागद आहेत एवढं हलवल्यावर कळतं. पाडव्याला नव्या घराचं भूमिपूजन, त्याआधी जुनं घर उतरवणार. पाडवा मार्चातच आहे.

काल रजेचा अर्ज टाकला. मॅनेजर म्हणाले, "मार्चमध्ये रजा? आणि नोटीस पिरियडमध्ये?"

मी म्हटलं, "अर्धा दिवस द्या. पेटी उचलूनच आणते."